टीव्हीकडे पाठ करून

आमचा कार्यक्रम दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला लागायचा आणि ज्यांनी तो केलेला असायचा ते सर तेव्हा टीव्हीकडे पाठ करून बसलेले असायचे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते येडगावात, धरणात मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी. खोलीत तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. सरांनी एक पाट मागून घेतला, तो टीव्हीच्या शेजारी भिंतीला लावला आणि लोकांकडे तोंड करून बसले. कार्यक्रम सुरू झाला. घरातली म्हातारी म्हणाली, "अवो सायेब, तिकडं बगा की. तुमचाच हाय न्हवं?"

"तो मी बघितलाय आजी. तुम्हाला बघायचं राहिलंय."

अर्धा तास ते एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिले. कोण कुठे हसलं, कोण उठून चुलीकडे गेलं, कुणाचे डोळे जडावले, ते सगळं परतीच्या एस.टी.त मला सांगत होते. पडद्यावर काय चाललं होतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दर मंगळवारी जुन्नर नाहीतर आंबेगाव तालुक्यातलं एखादं गाव गाठायचं आणि असं बसायचं, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता. त्यांच्या पत्नी मालिका पाहायला शेजारी जायच्या आणि यांच्या नोकरीविषयी कुणी विचारलं तर "सरकारी आहे" एवढंच सांगायच्या.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. वडिलांचं आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांनी मला पाचवीपासून इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. मी परत आले ती मी गावाला परकी आणि गाव मला परकं, अशा अवस्थेत. फार बोलायचे नाही. सरकारी टीव्हीच्या पुण्यातल्या केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमासाठी तीन-तीन महिन्यांच्या करारावर मदतनीस हवे होते. कॅमेऱ्याच्या मागे राहायचं काम आहे, कुणाशी बोलावं लागणार नाही, असा विचार करून मी अर्ज केला.

मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला. "मेंढरं रात्री शेतात बसवतात. कशासाठी?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"छान," ते म्हणाले. "आधीच्या तिघांनी काहीतरी ठोकून दिलं. तुम्ही सोमवारपासून या." मग थांबून म्हणाले, "खतासाठी. लेंड्यांच्या खतासाठी."

वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, तरी ते मला कायम अहो-जाहो करायचे. हाक मात्र "कॉन्व्हेंटबाई" अशी. मला मराठी आकडे पटकन कळायचे नाहीत. संकलनाच्या खोलीत ते मुद्दाम "एकोणसाठ सेकंदांवर थांबवा" म्हणायचे आणि मी बोटांवर मोजत बसले की समोरच्या भिंतीकडे पाहत शांतपणे वाट बघायचे. हसायचे नाहीत. मला न हसणारं ते पहिलं माणूस होतं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो केंद्रातल्या कुणालाच मान्य नव्हता. ज्याच्यापुढे कॅमेरा उघडला, तो पडद्यावर दिसलाच पाहिजे. मग तो विषयाशी संबंधित असो वा नसो. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी, नावं वर सरकायची त्या जागी, चेहरे यायचे. प्रत्येकी तीन सेकंद आणि खाली पट्टीवर नाव आणि गाव. बांधावर उभा राहून नुसती गंमत बघणारा, कॅमेऱ्यासमोरून डोक्यावर वैरण घेऊन गेलेली, सगळे. वरच्या साहेबांनी एकदा बैठकीत विचारलं होतं, "हा शेतीचा कार्यक्रम आहे की शाळेचा ग्रुप फोटो?"

सर म्हणाले, "ग्रुप फोटोत नसलेलं पोर आयुष्यभर लक्षात ठेवतं, साहेब."

कॅमेरामन त्यांना वैतागलेला असायचा. घोडेगावच्या पुढे एका वस्तीवर शेणखताच्या खड्ड्याचं चित्रण होतं. ऐन वेळी घरची बाई "आलेच" म्हणून आत गेली आणि तासभर बाहेर येईना. कॅमेरामन म्हणाला, "साहेब, उन्हं गेली." सर म्हणाले, "उद्या पुन्हा येतील. ही बाई पहिल्यांदाच दिसणार आहे, तिला हवं तसं दिसू दे." ती आली ती लग्नातला शालू नेसून आणि तशीच खड्ड्यात उतरली. कार्यक्रम लागल्यावर वरच्या साहेबांचा फोन आला: शेणखताच्या खड्ड्यात शालू कसा? "तिनं नेसला म्हणून," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

तोपर्यंत वाड्यावस्त्यांवर केबल पोचली होती. साडेसहाला घराघरांत हिंदी मालिका लागायच्या. आम्हाला येणारी पोस्टकार्डं आधी पिशवीभर असायची, मग मूठभर झाली. सर म्हणायचे, "बघणारे कमी झाले ना, मग आता त्यांना जास्त नीट दाखवायचं." हे ते विनोदानं म्हणत नसत. मला त्या वेळी त्यांची कीव यायची आणि कीव येते याची लाजही वाटायची.

आण्याच्या पठारावर आम्ही गेलो ते दिवाळीनंतर. विषय पावसाचं पाणी अडवण्याचा होता. काम संपत आलं असताना माळावरून एक कळप आला आणि कॅमेरामननं सहज म्हणून कॅमेरा तिकडे वळवला. कळपामागून एक म्हातारा चित्रात आला. झालं. सर त्याच्याकडे चालत गेले.

"आबा, नाव काय तुमचं?"

"लहानू."

"पूर्ण नाव?"

"समदी लहानूच म्हनत्यात."

मी वहीत लिहून घेतलं. सर म्हणाले, "येत्या मंगळवारी टीव्हीवर दिसाल. साडेसहाला."

"मी?" म्हातारा हसला. "मंगळवार लई लांब हाय, राव."

"पण दिसाल."

"नक्की?"

"नक्की."

मंगळवार सहा दिवसांवर होता. त्यात लांब काय, हे मला कळलं नाही. सरांना कळलं असावं असंही वाटत नाही, नाहीतर त्यांनी एवढ्या सहज "नक्की" म्हटलं नसतं.

सोमवारी संकलनाला मी एकटीच होते. सर डिंभ्याकडच्या आतल्या गावांत चित्रणाला गेले होते, तिथे फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या आधी एक सरकारी निवेदन जायचं होतं, म्हणून आमचा भाग थोडा आखडता घ्या, असा निरोप आला. संकलकानं इथून-तिथून छाटलं. शेवटी तीन सेकंद उरले. फक्त तीन.

"एक मुंडकं काढ की बाई," तो म्हणाला. त्याला घरी जायचं होतं.

सरांची यादी माझ्यासमोर होती. माझ्या वहीतल्या नावांवरून पेन्सिलीनं लिहिलेली, पाठकोऱ्या कागदावर. तेवीस नावं. बावीस जणांपैकी प्रत्येकानं काहीतरी सांगितलं होतं, पाणी दिलं होतं, निदान कॅमेऱ्याकडे पाहिलं तरी होतं. लहानू आबा एकटे मेंढरांकडे बघत तिरपे उभे होते, ऊन पाठीमागून आल्यानं चेहरा काळपट. मी मनात म्हटलं, हा माणूस उघड्यावर राहतो. याच्याकडे टीव्ही कुठून असणार? याला कळणारसुद्धा नाही.

हे मी जसंच्या तसं मनात म्हटलं होतं, म्हणून लिहिते आहे.

दर आठवड्याला यादीची स्वच्छ प्रत करून फायलीला लावणं माझं काम होतं. मी बावीस नावांची प्रत केली. पेन्सिलीचा कागद नेहमीसारखा टोपलीत टाकला.

सरांना बुधवारी सांगायचं ठरवलं होतं. बुधवारी ते डिंभ्याहून खुशीत आले. मंगळवारी तिथल्याच एका घरात, अर्थात पाठ करून, त्यांनी कार्यक्रमाचा अर्धा तास काढला होता. एका आजोबांनी शेवटचे चेहरे येऊ लागताच टीव्हीला नमस्कार कसा केला, ते त्यांनी मला करून दाखवलं. मी गुरुवारी सांगायचं ठरवलं. मग सांगायचं राहिलंच.

पंधरा दिवसांनी आण्याच्या शाळेतल्या मास्तरांचं पत्र आलं. टपाल मीच फोडायची. मास्तरांनी सरळ लिहिलं होतं. लहानू आबा मेंढरं घेऊन दरवर्षी दिवाळी झाली की कोकणात उतरतात. यंदा आपण मंगळवारी दिसणार म्हणून ते थांबले. लेकींना सासरहून बोलावून घेतलं. किराणा दुकानदाराला हातापाया पडून मालिका बंद करायला लावली आणि सगळं गाव दुकानापुढे बसवलं. ते दिसले नाहीत. आपल्या ऐकण्यात चूक झाली, पुढच्या मंगळवारी असेल, असं म्हणून आणखी एक आठवडा थांबले. तेव्हाही दिसले नाहीत. आता लोक त्यांना हिरो म्हणून हाक मारतात. आपण त्यांचं चित्रण केलं होतं की नाही, एवढं कृपया कळवावं.

मी ते पत्र सरांपुढे ठेवलं आणि उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचलं. मग फाइल मागितली. माझ्या अक्षरातल्या यादीवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि परत वर आलं.

"मी नाव लिहिलंच नाही?" ते म्हणाले.

प्रश्न मला नव्हता. पण खोलीत मीच होते. मी फाइल उचलून जागेवर ठेवली.

जीप घेऊन आम्ही त्याच दिवशी निघालो. कळप आण्याहून हलला होता. तो आम्हाला आळेफाट्याच्या चौकात सापडला, आमच्या दुकानापासून शंभर पावलांवर. मेंढरांनी रस्ता भरून गेला होता, नाशिककडची वाहनं एका बाजूला आणि नगरकडची दुसऱ्या बाजूला अडकली होती. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडत होता, "ए पावणं, रस्त्यात बाजार मांडलाय का?"

लहानू आबा काठी आडवी धरून म्हणाले, "दम धर की भाऊ. जनावर हाय, त्याला तुज्या टरकावानी गेर न्हाई."

सर मेंढरांतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. मी मागे.

"आबा, मी टीव्हीवाला."

"वळाकलं," आबा म्हणाले. जराही आवाज न चढवता. "मला येकच सांगा. मी तुमच्या त्या मशिनीत आलो व्हतो का न्हाई?"

"आला होता."

"मंग गेलो कुटं?"

"माझ्याकडून राहिलं. मी नाव लिहायला विसरलो."

मागे घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं होतं. घोड्याचा दोर धरून उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "इसरलं! ऐका. मेंढरं उपाशी ठिवून ह्यो बाबा माळावर बसला, आन् त्ये म्हनं इसरलं."

"तू गप," आबा म्हणाले.

"का गप? कोकरं गेली त्याचं काय?"

"किती गेली?" सरांनी विचारलं.

"चार. माळावर कायबी ऱ्हायलं न्हवतं खायाला, वर थंडी." आबा कळपाकडे बघत बोलत होते. "आन् खाली आमची घरं ठरल्याली असत्यात. त्यांच्या भाताच्या खाचरात आमीच मेंढरं बसवायची, बापापासनं. आता दुसऱ्या कुनाची बसली आसतील."

सर म्हणाले, "येत्या मंगळवारी दाखवतो. सगळ्यात आधी दाखवतो."

"नगं. मी तवा घाटाखाली. बगायचं कुनी?" मग ते थोडे जवळ आले. "तुमी येक करा. आन्याला जावा. दुकानापाशी हुबं ऱ्हावा आन् सांगा का लहानू खोटं बोलत न्हवता. लेकींच्या देखत हसली मला मानसं."

"जातो. आत्ताच जातो."

तेवढ्यात आबांची नजर माझ्यावर पडली. "बाई, तू व्हतीस की तवा. वहीत लिवत व्हतीस. लिवलं व्हतंस ना माजं नाव?"

मी तोंड उघडलं. सर माझ्या आधी बोलले. "त्यांचा काही दोष नाही आबा. मी देतो तेवढंच त्या पुढं लिहितात."

ट्रकवाल्यानं पुन्हा कर्कश हॉर्न दिला. मेंढरं हलली आणि आबा त्यांच्यामागून ओतूरच्या रस्त्याला लागले.

आण्याच्या दुकानापुढे सरांनी सांगितलं, आणि फार वाईट पद्धतीनं सांगितलं. त्यांना भाषण येत नसे. "लहानू आबांचं चित्रण झालं होतं. नाव लिहायचं मी विसरलो. ते खरं बोलत होते." समोर पाच-सहा माणसं होती. दोघं निघून गेले, आणखी तिघं आले. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुकानदार तराजूत शेंगदाणे घालता घालता म्हणाला, "येवढ्यासाटी पुन्यावरनं आला?"

"हो."

"म्हंजी आमचा हिरो खराच हिरो निगाला की राव!" एकजण म्हणाला आणि सगळे पुन्हा हसले. सर हसेनात, तसे ते हळूहळू थांबले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो. येईल त्या माणसाला सर थांबवून तीच तीन वाक्यं सांगत होते. मी जीपला टेकून ऐकत होते. चौथं वाक्य माझ्याकडे होतं.

परतताना ते म्हणाले, "मला अजून वाटतंय मी लिहिलं होतं. पेन्सिलीनं, शेवटून दुसरं. अक्षर डोळ्यांपुढे दिसतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "आता डोळ्यांपुढे दिसतंय त्याचंही काही खरं नाही म्हणायचं."

त्यानंतर सर बदलले. आधी नावं, गावं, पिकं, कुणाच्या विहिरीला किती पाणी, सगळं तोंडपाठ असलेला हा माणूस खिशात छोटी वही ठेवू लागला. कॅमेऱ्याची झाकणं मोजायचा. जीप सुरू झाल्यावर ती थांबवून परत एकदा मोजायचा. एखाद्या शेतकऱ्याला "मंगळवारी दिसाल" म्हणायची वेळ आली की ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बहुतेक." ते "बहुतेक" ऐकून समोरच्या माणसाचा चेहरा जरा उतरायचा. सरांना ते दिसायचं, कारण चेहरे बघणं एवढंच तर ते करत आले होते.

वर्षाच्या आत त्यांनी स्वतःच लिहून दिलं की आता माझ्या लक्षात राहत नाही, मला बाहेरच्या कामावर पाठवू नये. वरच्या साहेबांना ते हवंच होतं. सरांना केंद्राच्या टेपा ठेवायच्या खोलीत बसवलं. तिथे ते निवृत्त होईपर्यंत चिठ्ठ्या चिकटवत राहिले. कार्यक्रम माझ्याकडे आला. शेवटचे चेहरे पहिल्याच महिन्यात बंद झाले. मला विचारलं गेलं होतं. मी "चालेल" म्हणाले.

मध्ये कितीतरी दिवस असे होते, की मी त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले. ते मान वर करून "या, कॉन्व्हेंटबाई" म्हणायचे, आणि मी एखादी टेप मागायची.

पाच-सहा वर्षांनी आण्याला पाण्याच्याच कामासाठी पुन्हा जाणं झालं. लहानू आबा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. कळप विकला होता, मुलगा आळेफाट्यावर टेम्पो चालवत होता. त्यांनी मला ओळखलं. कॅमेरा बघून हात आडवा केला, "आमचं नगं घिऊ." मग म्हणाले, "त्ये सायेब कुटं असत्यात?"

"निवृत्त झाले. जुन्नरला असतात."

"त्यांना माजा निरोप दे. म्हनावं, लहानूचा राग न्हाई. चुकतं मानसाचं. पर चुकल्यालं गावात हुबं ऱ्हाऊन सांगनारा मी तेवडा येकच मानूस पायला."

आण्याहून जुन्नर फार लांब नाही. मला तिथे जायला चार महिने लागले.

सर खूप वाळले होते. त्यांच्या पत्नींनी चहा ठेवला आणि जाता जाता हलक्या आवाजात सांगितलं, "गॅस बंद केलाय का हे दिवसातून दहादा विचारतात. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. पण यांचाच यांच्यावर विश्वास नाही."

मी निरोप सांगितला. सर पुढे सरकून बसले. "त्याचे शब्द सांगा. तुमचे नकोत."

मी आठवून आठवून, आबांच्या बोलीत, जमेल तसं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. मग चहा न पिताच कप खाली ठेवला.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "यादी तुम्ही उतरवली होती. त्या पेन्सिलीच्या कागदावर नाव नव्हतंच ना?"

खरं सांगितलं तर त्यांची आठवण त्यांना परत मिळणार होती, आणि आत्ताच हातात आलेली माफी त्यांची उरणार नव्हती, असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी एवढंच होतं की ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्या बघण्याची भीती वाटली.

"नव्हतं, सर."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले, हिशेब जुळल्यासारखी.

"मग ती माफी माझीच," ते म्हणाले. "पुन्हा एकदा सांगा, काय म्हणाला तो?"

मी पुन्हा सांगितलं.